एनजिनएक्स १.१८ 'जुनं' आहे म्हणून बाहेरचा रेपो जोडावा का?

डिचोलीतल्या एका पतसंस्थेचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा. मुख्य कचेरीत उबुंटू सर्व्हर २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) चालू आहे. साखळी आणि वाळपई इथल्या शाखा वायरगार्डने (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी करणारं सॉफ्टवेअर) त्याला जोडायच्या आहेत, शाखांसाठी डीएनएसमास्क (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) बसवायचं आहे आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आधीपासून आहेच. ऑडिटला आलेल्या माणसाने एनजिनएक्सची आवृत्ती १.१८ बघून 'जुनं सॉफ्टवेअर' असा शेरा लिहिला. म्हणून यांनी एक व्हिडिओ बघून बाहेरचा पीपीए जोडला, म्हणजे उबुंटूसाठी कुणा त्रयस्थाने चालवलेला रेपो (पॅकेजेस जिथून उतरतात तो साठा). त्यात २२.०४ साठी काही नव्हतंच, त्यामुळे 'रिलीज फाइल नाही' असा एरर आला. कुणीतरी सांगितलं, फाइलमधलं 'जॅमी' (२२.०४ चं टोपणनाव) खोडून 'नोबल' (२४.०४ चं) लिहा. तसं केल्यावर एरर बदलला आणि 'यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' दिसू लागलं. मग दुसऱ्या एका लेखातून डेबियन बुकवर्मची (उबुंटूच्या जवळच्या दुसऱ्या लिनक्सची, आवृत्ती १२) ओळ उचलून टाकली, तर 'नो पबकी'. आता एपीटी (उबुंटूचं पॅकेजेस बसवणारं साधन) अपडेट धड पूर्ण करत नाही, वायरगार्ड बसलेलं नाही, आणि ते विचारतात: ही हरवलेली की (सही तपासायची किल्ली) कुठून आणू?

की आणू नका. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं तरी पाळा. त्या एररने तुमचा सर्व्हर वाचवलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

पुढे कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाइप करा.

तुम्ही विचारलंय कीबद्दल, ऑडिटरने विचारलंय आवृत्तीबद्दल. माझ्या मते या दोन्हींच्या मागे एकच प्रश्न आहे: या मशीनवर उद्याचे, परवाचे, दोन वर्षांनंतरचे अपडेट कोण आणून देणार? पॅकेज बसवण्याचं काम पाच मिनिटांचं असतं, ते सांभाळण्याचं काम वर्षानुवर्षांचं. रेपो जोडता तेव्हा तुम्ही एक सॉफ्टवेअर घेत नाही. त्या रेपोच्या मालकाला तुमच्या मशीनवर रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून काहीही चालवायची मुभा देता, कारण पॅकेजसोबत येणाऱ्या स्क्रिप्ट बसवताना रूटच्याच अधिकाराने चालतात. ही मुभा आजच्या एका दिवसापुरती नसते. ती ओळ फाइलमध्ये असेपर्यंत प्रत्येक अपग्रेडला लागू राहते. ज्या मशीनवर लोकांच्या ठेवींचे हिशेब आहेत तिथे ही मुभा कुणाला द्यायची, हे व्हिडिओ बघून ठरवू नये.

आता तिन्ही एरर नीट वाचू, कारण तिन्ही खरं तेच सांगत होते.

पहिला, रिलीज फाइल नसल्याचा. पीपीए उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा बांधावा लागतो. बांधणाऱ्याने जॅमीसाठी काही बांधलेलं नाही, म्हणून सर्व्हरवर ती जागाच नाही. इथे थांबायला हवं होतं. 'नोबल' लिहिल्यावर २४.०४ साठी बांधलेली पॅकेजेस समोर आली. ती जीलिबसीची, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जिच्यावर उभा असतो त्या पायाभूत लायब्ररीची, नवी आवृत्ती मागतात. नोबलमध्ये जीलिबसी २.३९ आहे, तुमच्या जॅमीत २.३५. एपीटीने ही गाठ सोडवून पाहिली, सुटली नाही, आणि त्याने 'हेल्ड ब्रोकन' म्हटलं. या वाक्याने पुष्कळ जण फसतात. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' चालवून बघा, यादी बहुधा रिकामी असेल. तुम्ही काहीही अडवून ठेवलेलं नाही. त्या ओळीच्या वर 'डिपेंड्स' म्हणून जी ओळ येते, खरं कारण तिच्यात असतं. एपीटीचा एरर शेवटच्या ओळीपासून नव्हे, वरून खाली वाचायची सवय लावून घ्या.

तिसरा, नो पबकी, सगळ्यात महत्त्वाचा. रेपोची सुरक्षा एका साखळीवर चालते. रेपोच्या मुळाशी रिलीज फाइल असते आणि तिच्यावर सही असते. त्या फाइलमध्ये पॅकेजांच्या याद्यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) असतात, त्या याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो. म्हणजे सही एका फाइलवर असली तरी तिच्या आधाराने हजारो पॅकेजेस तपासली जातात. म्हणूनच साध्या एचटीटीपीवरून डाउनलोड केलं तरी मध्ये कुणी फाइल बदलली तर ते पकडलं जातं. सही तपासायची की तुमच्याकडे नाही, म्हणून एपीटीने बुकवर्मचा रेपो घेतलाच नाही. अनेक ठिकाणी यावर तोडगा म्हणून ओळीत 'ट्रस्टेड इक्वल यस' लिहायला सांगतात. त्याने एरर जातो आणि तपासणीही जाते. तसंच डेब फाइल हाताने डाउनलोड करून 'डीपीकेजी वजा आय'ने बसवली की ही साखळी पूर्ण बाजूला पडते, सहीची तपासणी होतच नाही.

बुकवर्मची की मिळाली असती तर काय झालं असतं? एपीटी प्रत्येक रेपोला एक प्राधान्याचा आकडा देतं. वेगळं काही सांगितलं नसेल तर सगळ्यांना ५००. प्राधान्य सारखं असलं की ज्याची आवृत्ती मोठी ते पॅकेज निवडलं जातं, मग ते डेबियनचं असो की उबुंटूचं. बुकवर्ममध्ये जीलिबसी २.३६ आहे, जॅमीत २.३५. पुढच्या अपग्रेडला एपीटीने निमूटपणे डेबियनची जीलिबसी आणली असती, मागोमाग इतर शेकडो पॅकेजेस, आणि तुमचं मशीन ना उबुंटू राहिलं असतं ना डेबियन. असं मशीन चालतं, कधी कधी महिनोन्‌महिने चालतं. पण त्याची जबाबदारी कुणाचीच नसते. डेबियनच्या सुरक्षा टीमने ते मिश्रण तपासलेलं नसतं, उबुंटूच्याही नसतं.

म्हणून आधी नुकसान किती झालंय ते पाहा. अपग्रेड, फुल-अपग्रेड, ऑटोरिमूव्ह यातलं काहीही सध्या चालवू नका. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर स्नॅपशॉट घ्या, नसेल तर ईटीसी फोल्डर (सेटिंगच्या फाइलींचा) आणि डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर काढा. मग 'एपीटी-कॅश पॉलिसी लिबसी६' चालवा. 'इन्स्टॉल्ड' समोर २.३५ दिसलं आणि ते जॅमीच्या अपडेट्समधून आलेलं दिसलं, तर काळजी नाही, तासाभराचं काम आहे. २.३६ किंवा २.३९ दिसलं तर मात्र मागे नेण्याच्या भानगडीत पडू नका. जीलिबसी खाली उतरवताना टर्मिनलच बंद पडेल, नंतर साधी एलएसही चालणार नाही अशी वेळ येते. तेव्हा नवं मशीन उभं करून डेटा हलवणं हाच शहाणपणाचा मार्ग.

पाया शाबूत असेल तर पुढचं असं करा. 'एपीटी लिस्ट डॅश-डॅश-इन्स्टॉल्ड' चालवून ज्यांच्यापुढे 'लोकल' असं येतं ती पॅकेजेस वेगळी काढा. ती आज तुमच्या कुठल्याही चालू रेपोत नाहीत, म्हणजे हाताने बसवलेली किंवा बाहेरून आलेली. 'डीपीकेजी डॅश-डॅश-ऑडिट' अर्धवट बसलेली पॅकेजेस दाखवतं. सोर्सेस-लिस्ट-डी फोल्डरमधल्या पीपीएच्या आणि डेबियनच्या फाइली पुसू नका, त्यांच्या नावाच्या शेवटी 'डॉट डिसेबल्ड' जोडा. एपीटी तशा फाइली वाचत नाही, आणि काय केलं होतं त्याची नोंद तुमच्याकडे राहते. मग एपीटी अपडेट. ते स्वच्छ पार पडलं की 'लोकल' पॅकेजेस एकेक करून काढा. पीपीएमधून खरंच काही बसलं असेल तर पीपीए-पर्ज नावाचं साधन ती पॅकेजेस उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतं, पण ते त्या पीपीएची फाइल बंद करण्याआधी चालवावं लागतं. २२.०४ च्या एपीटीत 'मागचं पाऊल परत घ्या' अशी सोय नाही. ती रेड हॅट घराण्यातल्या डीएनएफमध्ये आहे, 'डीएनएफ हिस्टरी अनडू'. इथे लॉगवर भिस्त ठेवावी लागते: व्हार, लॉग, एपीटी आणि त्यात हिस्टरी डॉट लॉग. कुठल्या तारखेला कोणती कमांड दिली आणि काय काय बसलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

आता ऑडिटरचा शेरा. हा मुद्दा मी जरा सविस्तर घेतो, कारण गोव्यातल्या छोट्या संस्थांमध्ये मला तो वारंवार भेटतो. सर्व्हर सांभाळणारा एकटा असतो, त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नसतं आणि शेरा कागदावर आला की घाईघाईने नको ते केलं जातं.

एनजिनएक्स १.१८ ही आवृत्ती मूळ प्रकल्पाने २०२० मध्ये काढली, हे खरं. पण तुमच्या मशीनवर नुसतं १.१८ नाही. 'एपीटी-कॅश पॉलिसी एनजिनएक्स' चालवलंत तर १.१८.० नंतर एक डॅश, मग सहा, मग 'उबुंटू १४' आणि पुढे बिंदू देऊन आणखी एक आकडा दिसेल. सगळी गोष्ट त्या शेवटच्या आकड्यात आहे. लाँग टर्म सपोर्टच्या (२२.०४ सारख्या) आवृत्तीत उबुंटू सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं गोठवून ठेवतं आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मागच्या आवृत्तीत आणून बसवतं. उदाहरण देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनजिनएक्सच्या एमपी४ मॉड्यूलमधला एक दोष जाहीर झाला, सीव्हीई-२०२२-४१७४१ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या दोषाला दिलेला जाहीर क्रमांक). मूळ प्रकल्पाने तो १.२२.१ आणि १.२३.२ मध्ये दुरुस्त केला. उबुंटूने तीच दुरुस्ती १.१८ मध्ये आणली. केवळ आकडा वाचणाऱ्या स्कॅनरला हे कळत नाही, तो १.१८ बघून लाल खूण करतो.

ऑडिटरला उत्तर तोंडी देऊ नका, कागदावर द्या. 'एपीटी चेंजलॉग एनजिनएक्स' चालवा, त्यात कोणत्या तारखेला कोणता सीव्हीई दुरुस्त झाला ते ओळीने दिसेल. ते काढून त्याच्या शेऱ्यातल्या प्रत्येक सीव्हीईसमोर दुरुस्तीची तारीख लिहा. उबुंटूच्या वेबसाइटवर प्रत्येक सीव्हीईचं पान असतं, त्यात जॅमीची स्थिती वेगळी दिलेली असते, त्याची छापील प्रत जोडा. माझ्या अनुभवात असा कागद बघितल्यावर बहुतेक ऑडिटर मान्य करतात. त्यांनाही पुरावाच हवा असतो. मात्र यादीत एखादा सीव्हीई खरंच दुरुस्त झालेला नसेल, तर तो मान्य करा आणि त्यावर काय उपाय करणार ते लिहा. झाकू नका.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. उबुंटूच्या रेपोचे भाग आहेत. 'मेन' भागाला सुरक्षेचे अपडेट कॅनोनिकलकडून (उबुंटूमागची कंपनी) पाच वर्षं मिळतात. 'युनिव्हर्स' भागात ते काम मुख्यतः समुदायावर असतं. एपीटी-कॅश पॉलिसीच्या आउटपुटमध्ये 'जॅमी स्लॅश मेन' आहे की 'जॅमी स्लॅश युनिव्हर्स' ते स्पष्ट दिसतं. जे पॅकेज इंटरनेटच्या तोंडावर बसणार आहे ते युनिव्हर्समधलं निघालं, तर उबुंटू प्रो घेण्याचा विचार करा. ते पाच मशीनपर्यंत मोफत आहे आणि युनिव्हर्सचेही सुरक्षा अपडेट देतं. बाहेरचा रेपो जोडण्याआधी हा पर्याय बघायला हवा.

'नवीन म्हणजे सुरक्षित' हे मनात बसलेलं असतं, म्हणून एक्सझेडची घटना सांगतो. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी जाणूनबुजून चोरदार घातलंय. एसएसएच लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे शोधताना त्यांना ते सापडलं. बाधित आवृत्त्या होत्या ५.६.० आणि ५.६.१, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात नव्या. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत त्या पोहोचल्या होत्या. डेबियन १२ मध्ये ५.४.१ होती, उबुंटू २२.०४ मध्ये ५.२.५, ही दोन्ही सुटली. यावरून जुनं नेहमी चांगलं असा निष्कर्ष मी काढत नाही. पण नवी आवृत्ती मूळ लेखकाकडून निघून तुमच्यापर्यंत येते त्या वाटेवर जितके जास्त जाणते डोळे तिच्यावरून फिरतील तितकं बरं, आणि स्टेबल आवृत्ती ती वाट जाणूनबुजून लांब ठेवते.

वायरगार्डबद्दल फारसं बोलायची गरज नाही. लोक त्यासाठी बाहेरचे रेपो आणि स्क्रिप्ट शोधतात ते जुन्या लेखांमुळे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल ५.६ पासून वायरगार्ड कर्नलमध्येच आहे आणि तुमच्या २२.०४ चा कर्नल ५.१५ आहे. बसवायची आहेत ती फक्त साधनं, 'एपीटी इन्स्टॉल वायरगार्ड' एवढ्याने काम होतं. त्याच्या आवृत्तीत २०२१ ची तारीख दिसेल, त्याने बिचकू नका. खरं काम कर्नल करतो आणि कर्नलचे अपडेट तुम्हाला नियमित येतात.

अडचण येईल ती पॅकेजमध्ये नव्हे, लाइनमध्ये. मुख्य कचेरीला पब्लिक आयपी लागेल. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या सामाइक नॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटणारी व्यवस्था) आहात आणि शाखांना आत येता येणार नाही, तेव्हा स्टॅटिक आयपी मागून घ्या. शाखा नॅटमागे असल्या तरी चालतं, त्यांच्या बाजूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवा. फायबरची लाइन पीपीपीओईवर असेल आणि पिंग जातो पण मोठी पानं अडकतात असं दिसलं, तर वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १४१२ वर आणा.

डीएनएसमास्कला मात्र थोडं जपून हात घाला. डेबियन-उबुंटू घराण्यात पॅकेज बसताक्षणी त्याची सेवा सुरू केली जाते, रेड हॅटकडे तसं नसतं. उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड (सर्व्हरसाठी नावं सोडवणारी सेवा) आधीच १२७.०.०.५३ या पत्त्यावर पोर्ट ५३ (डीएनएसचं पोर्ट) धरून बसलेलं असतं. डीएनएसमास्क मूळ सेटिंगने सगळ्या पत्त्यांवर ५३ मागतं, टक्कर होते आणि सेवा पडते. यावर बरेच लेख रिझॉल्व्हड बंद करायला सांगतात. तसं केलंत आणि डीएनएसमास्क उभं राहिलं नाही, तर सर्व्हरला स्वतःलाच नावं सोडवता येत नाहीत, मग एपीटीही चालत नाही आणि दुरुस्तीचं पॅकेज आणायचा रस्ताच बंद होतो. त्यापेक्षा पॅकेज बसवण्याआधीच ईटीसीत डीएनएसमास्क-डॉट-डी फोल्डर करून त्यात छोटी फाइल ठेवा: इंटरफेस डब्ल्यूजी० (वायरगार्डचा) आणि बाइंड-डायनॅमिक. बाइंड-इंटरफेसेस नको, कारण सर्व्हर रीबूट होताना डब्ल्यूजी० अजून उभं नसेल तर डीएनएसमास्क तक्रार करून थांबतं. बाइंड-डायनॅमिक इंटरफेस नंतर आला तरी त्याला धरून घेतं. असं केल्यावर रिझॉल्व्हडला हात लावायची गरज पडत नाही.

नेटवर्कचं कुठलंही पॅकेज बसवताना माझा एक नियम आहे आणि तो मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाकडून पाळून घेतो. आधी 'एपीटी-गेट वजा एस इन्स्टॉल' चालवायचं. हे फक्त काय होईल ते दाखवतं, करत काही नाही. त्यात नवीन काय येणार याआधी काय काढलं जाणार ते वाचायचं. आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे याचं चांगलं उदाहरण. फायरवॉलचे नियम रीबूटनंतर टिकावेत म्हणून साध्या भावनेने कुणी ते बसवायला जातो, आणि अलीकडच्या उबुंटूत 'रिमूव्ह्ड' खाली यूएफडब्ल्यू लिहून येतं. न वाचता वाय दाबलं की कालपर्यंत चाललेली फायरवॉल गेली. सर्व्हरवर ज्या कमांडला 'वजा वाय' जोडून प्रश्नच गाळला जातो, ती नेटवर्कच्या पॅकेजसाठी मी कधीच वापरू देत नाही.

बाहेरचा रेपो कधीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. खरी गरज असते तेव्हा तो घ्यावाच लागतो. समजा उद्या तुम्हाला एचटीटीपी/३ (वेबचा नवा प्रोटोकॉल) हवं झालं. ते एनजिनएक्समध्ये २०२३ च्या १.२५.० पासून आलं, १.१८ मध्ये कितीही दुरुस्त्या आल्या तरी ते येणार नाही. अशा वेळी क्रम असा ठेवा: आधी उबुंटूचा स्वतःचा बॅकपोर्ट्स भाग (नव्या आवृत्त्या जुन्या उबुंटूसाठी बांधून ठेवलेला), तिथे नसेल तर त्या प्रकल्पाचा स्वतःचा अधिकृत रेपो, आणि अनोळखी माणसाचा पीपीए अगदी शेवटी, तोही पैशाच्या मशीनवर नको.

अधिकृत रेपो जोडतानाही तीन गोष्टी सांभाळा. की जोडायला जुनं एपीटी-की वापरू नका. त्याने टाकलेली की सगळ्याच रेपोंसाठी विश्वासू ठरते, म्हणजे एनजिनएक्सच्या कीने सही केलेलं दुसरंही काही चालून जातं. की ईटीसी, एपीटी, कीरिंग्ज या फोल्डरमध्ये ठेवा आणि रेपोच्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून ती त्याच रेपोपुरती बांधा. दुसरं, प्रेफरन्सेस-डी फोल्डरमध्ये फाइल करून त्या रेपोतल्या सगळ्या पॅकेजांना प्राधान्य १०० द्या आणि फक्त हव्या त्या पॅकेजला ९००. मग त्या रेपोत उद्या ओपनएसएसएल आलं तरी ते तुमच्या मशीनवर आपोआप चढणार नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते: उबुंटूचं अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सोय) मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या रेपोला हात लावत नाही. तुम्ही 'नवीन' म्हणून बाहेरचं एनजिनएक्स टाकता, आणि ते त्या दिवशीच्या आवृत्तीवर गोठून राहतं. इकडे उबुंटूचं १.१८ दुरुस्त होत असतं. दोन वर्षांनी तुमचं नवीन हे त्या जुन्यापेक्षा जास्त धोकादायक झालेलं असतं. म्हणून त्याच्या सेटिंगमधल्या अलाउड-ओरिजिन्समध्ये तो रेपो जोडा, नाहीतर दर महिन्याला हाताने अपडेट करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा.

आणखी एक, एनजिनएक्सच्या अधिकृत पॅकेजची मांडणी उबुंटूसारखी नसते. सेवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा ऐवजी एनजिनएक्स नावाच्या युजरने चालते आणि साइट्स-एनेबल्ड फोल्डरऐवजी कॉन्फ-डॉट-डी वाचलं जातं. बदली करताना परवानग्या आणि फाइली दोन्ही बघाव्या लागतात.

इंटरनेटवरून स्क्रिप्ट आणून थेट बॅशला देणाऱ्या त्या एका ओळीच्या कमांडबद्दल: स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवा आणि वाचा. बहुतेक स्क्रिप्ट की टाकतात, रेपोची ओळ टाकतात आणि एपीटी चालवतात. हे तिन्ही तुम्ही हाताने, वर सांगितलेल्या काळजीने करू शकता.

काम कधी आणि कुठून करायचं याचाही विचार करा. तुमच्या शाखा लांब आहेत. वाळपईच्या मशीनचं नेटवर्क चुकीच्या सेटिंगने पडलं, तर साखळी-होंडा रस्त्याने कुणालातरी जावं लागेल, आणि जून-जुलैच्या पावसात झाड पडून वीज गेली असेल तर जाऊनही काम होणार नाही. म्हणून लांबच्या मशीनवर एसएसएचने काम करताना आधी टीमक्स सुरू करा, म्हणजे लाइन तुटली तरी एपीटी अर्धवट थांबत नाही. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये) बदल केला तर 'अप्लाय' नको, 'ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुनी सेटिंग परत आणतो. यूपीएसची बॅटरी किती वेळ धरते ते आधी तपासून ठेवा, कारण डीपीकेजी चालू असताना वीज गेली की तीच अर्धवट पॅकेजेस पुन्हा समोर येतात. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत मी नाताळ ते नववर्ष या काळात सर्व्हरला हात लावत नाही. पतसंस्थेत तसा काळ म्हणजे महिनाअखेर आणि ३१ मार्चचा आठवडा.

राहता राहिला २४.०४ वर जायचा प्रश्न. २२.०४ चा पाच वर्षांचा नेहमीचा सपोर्ट २०२७ मध्ये संपतो. सेंटओएस ८ (रेड हॅट घराण्यातलं मोफत लिनक्स) घेतलेल्यांना २०२० च्या डिसेंबरमध्ये अचानक कळलं होतं की २०२९ पर्यंतचा म्हणून सांगितलेला सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपणार. तेव्हापासून मी प्रत्येक सर्व्हरच्या कागदावर सपोर्ट संपण्याची तारीख लिहून ठेवतो आणि तिच्या सहा महिने आधी पुढचं मशीन उभं करतो. तुमची जीलिबसी बिघडलेली निघाली तर २२.०४ दुरुस्त करत बसू नका, सरळ नव्या मशीनवर २४.०४ बसवा. त्यात एनजिनएक्स १.२४ उबुंटूच्या स्वतःच्या रेपोतूनच येतं, आणि १.१८ वरचा ऑडिटरचा शेराही त्यासोबत मिटेल. पाया शाबूत असेल तर आत्ता वरीलप्रमाणे सफाई करा, वायरगार्ड आणि डीएनएसमास्क उबुंटूच्या रेपोतून बसवा, आणि २४.०४ ची बदली हिशेब बंद झाल्यावर एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पावसाआधी करा. डू-रिलीज-अपग्रेड (पुढच्या आवृत्तीवर नेणारं साधन) सुरू होताना बाहेरचे रेपो स्वतःच बंद करतं. त्यानंतर ते पुन्हा चालू करायची घाई करू नका. त्यातलं कुठलं खरंच लागतंय ते महिनाभर चालवून बघा आणि मगच ठरवा.